कळप गेला, लेंड्या राहिल्या

‘एमटीबी डिटेक्टेड, व्हेरी लो.’

रिपोर्टवर ही एक ओळ होती आणि तिच्याखाली दुसरी: ‘रिफ रेझिस्टन्स इंडिटरमिनेट.’ कागद हातात पडला तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्यासकट सोळा माणसं बसली होती. एरवी मी हा प्रसंग सांगतो तेव्हा साठ सांगतो. पण आजारपणावर लिहायला बसलो तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे कमलनं, बजावलं, “हितं तरी खरं ल्ह्या.” म्हणून सोळा. दवाखान्यातलं जे काही लिहीन ते खरं धरा. बाकीच्यातलं निम्मं सोडून द्या.

आधी त्या दोन ओळींचा अर्थ सांगतो, कारण तुमच्या हातात असा कागद आला तर तो कळायला माझ्यासारखे आठ दिवस लागू नयेत. एमटीबी म्हणजे क्षयाचा जंतू. डिटेक्टेड म्हणजे सापडला. व्हेरी लो म्हणजे अगदी थोडा. रिफ म्हणजे रिफाम्पिसिन, क्षयावरचं मुख्य औषध. रेझिस्टन्स म्हणजे जंतूनं त्या औषधाला दाद न देणं. आणि इंडिटरमिनेट म्हणजे ते औषध या जंतूला लागू पडेल की नाही, हे यंत्राला सांगता येत नाही. यंत्रच सांगता येत नाही म्हणालं, तर माणसानं काय करायचं?

मी विश्वनाथ. सोलापुरात एका शाळेत क्लार्क आहे आणि जत्रांच्या हंगामात कुस्तीच्या मैदानात निवेदक. दोन पोरं मातीत एकमेकांची लंगोट धरून नुसती फिरत असतात, तेव्हा लोकांना उठून जाऊ न देणं हे माझं काम. चाळीस किलोच्या पोराला मी माइकवरून हत्ती करतो. त्याच्या आज्यानं नुसत्या दंडाच्या फुगवट्यानं बैलगाडीची साटी मोडली होती, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की त्याचा आजाही आता ते खरं मानतो.

या वर्षी माघापासून खोकला लागला. मैदानाची धूळ, म्हटलं. फाल्गुन गेला, खोकला गेला नाही. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. माळशिरसकडच्या एका मैदानात शेवटच्या कुस्तीला असा खोकलो की माइकमधून तो आवाज ऐकून दोन्ही पैलवान थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. कमल म्हणाली, “आता बास. उद्या दवाखाना.”

तिला घाई होती त्याला कारण होतं. आमची एकुलती एक लेक अश्विनी वळसंगला दिलेली. पहिलटकरीण. आठवा महिना सरत आला होता. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, यात बोलायला जागाच नसते. डोहाळजेवण झालं त्याच दिवशी तिला आणायची, पण माझी मैदानं संपत नव्हती म्हणून महिनाभर लांबलं होतं. आता दहा दिवसांनी आणायचं ठरलं होतं. पाळणा माळ्यावरून उतरवून, धुऊन, उन्हात वाळवून झाला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या आणि कमी बोलायच्या. त्यांनी छाती तपासली, एक्स-रे काढला आणि विचारलं, “काका, पूर्वी कधी टीबी झाला होता? औषधं घेतली होती?”

त्यांच्या शेजारी फॉर्म भरायला लॅबचा तंत्रज्ञ उभा होता. मल्लिनाथ त्याचं नाव. पाचच मिनिटांपूर्वी त्यानं मला विचारलं होतं, “काका, तुमी वळसंगच्या सिद्रामअप्पांचे व्याही न्हवं का? आमचं घर त्यांच्या गोठ्याच्या मागंच हाय की.”

मी मल्लिनाथकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं, आणि म्हणालो, “टीबी? मॅडम, आमच्या घराण्यात पंजोबांपासून कुणाला शिंकसुद्धा नाही.”

मल्लिनाथनं फॉर्मवर लिहिलं: नवीन रुग्ण.

मागं कमल उभी होती.  तिची नजर मला पाठीत टोचली.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो. थुंकी द्यायला सांगतात तेव्हा तोंडातली लाळ देऊ नका. मी पहिल्यांदा डबी काठोकाठ भरून दिली आणि मल्लिनाथनं ती उजेडात धरून परत केली. म्हणाला, “काका, हे नुसतं पाणी हाय. छातीतनं पायजे.” सकाळी उठून चूळ भरायची, तीन-चार खोल श्वास घ्यायचे आणि मग पोटातून खोकून जो बेडका येईल तो द्यायचा. निम्मी तपासणी त्या डबीतच ठरते.

ज्या यंत्रात ती डबी जाते त्या तपासणीला सीबीनॅट म्हणतात. मला आधी वाटलं, आत दुर्बीण असेल आणि जंतू हलताना दिसत असतील. तसं नाही. प्रत्येक जंतूच्या आत त्याची कुंडली असते, तिला जीन म्हणतात. क्षयाच्या जंतूच्या कुंडलीतली एक ओळ दुसऱ्या कुठल्या जंतूत सापडत नाही. यंत्र तेवढी ओळ शोधतं. सापडली की तिच्या प्रतींमागून प्रती काढतं, इतक्या की शेवटी ती लपूच शकत नाही. दोन तासांत निकाल. पूर्वी दुर्बिणीखाली जंतू दिसायला तो हजारोंनी असावा लागायचा. इथं मूठभर पुरतात. अतिशयोक्ती करण्यात माझा हात धरणारं मला आयुष्यात ते एकच भेटलं.

तर ती ओळ सापडली होती. व्हेरी लो, पण सापडली होती.

मॅडम म्हणाल्या, “औषध सुरू करावं लागेल. पण कुठलं, ते ठरवायला रेझिस्टन्सचं उत्तर हवं. उद्या पुन्हा नमुना द्या. तोवर मास्क लावा, वेगळ्या खोलीत झोपा.” मग त्यांनी विचारलं, “घरात लहान मूल, गरोदर बाई कुणी आहे?”

कमल म्हणाली, “लेक यायची हाय. बाळंतपणाला.”

“आत्ता आणू नका,” मॅडम म्हणाल्या. “हे स्पष्ट होईपर्यंत नको.”

परतताना रिक्षात कमल एवढंच म्हणाली, “अवो, त्यांनी इचारलं तवा सांगायचं की.”

आता तुम्हालाही सांगतो. तीन वर्षांपूर्वी मला टीबी झाला होता. अश्विनीचं स्थळ वळसंगला ठरत होतं, बघण्याचा कार्यक्रम झाला होता, आणि त्याच आठवड्यात मला खोकल्यातून रक्त पडलं. मुलीच्या बापाला टीबी, हे कळल्यावर सोयरीक टिकेल असं मला वाटलं नाही. मग मी बार्शी गाठली. तिथल्या एका डॉक्टरांकडं माझं शाळेतलं नाव सांगितलंच नाही. घरी मला बाळू म्हणतात ते नाव लावलं, आणि फोन नंबर मेव्हण्याचा दिला. सहा महिने दर महिन्याला एसटीनं बार्शीला. लोकांना सांगायचो की कुस्तीगीरांची बैठक आहे. त्या औषधानं लघवी नारिंगी होते. शाळेत शिपायाच्या लक्षात आलं, तर त्याला मी सांगितलं की पैलवान लोकांचा गाजराचा खुराक चालू केलाय. तोही बिचारा महिनाभर गाजरं खात होता.

लग्न झालं. सहा महिने पुरे झाले, औषध संपलं, मी बरा झालो. आणि बाळू नावाचा एक रुग्ण बार्शीच्या नोंदीत कायमचा राहिला, ज्याचा विश्वनाथशी कागदोपत्री काही संबंध नव्हता.

दुसऱ्या नमुन्याचा निकाल आला: ‘एमटीबी नॉट डिटेक्टेड.’

तोच माणूस, तीच छाती, तेच यंत्र. मंगळवारी होता, गुरुवारी नाही. मी खूश झालो. मॅडम झाल्या नाहीत. दुर्बिणीखालचा निकालही निरंक होता. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, “पोत्यात दोन-तीनच खडे असले तर एका मुठीत येतात, दुसऱ्या मुठीत येत नाहीत. म्हणून दुसरा कागद आला की पहिला खोटा ठरत नाही.” मग एक्स-रे वर धरला. “आणि हा डाग मला नवा वाटत नाही. काका, काही सांगायचं राहिलंय का?”

कमलनं माझ्या कोपराला बोट लावलं. नुसतं लावलं.

मल्लिनाथ तिथंच होता. मी त्याच्याकडं न बघता सांगून टाकलं. बार्शी, बाळू, सहा महिने, सगळं.

आणि मॅडमनी विश्वास ठेवला नाही.

त्यात त्यांची चूक नव्हती. आठ दिवसांत मी त्यांना काय काय सांगितलं होतं ते आठवा. घराण्यात शिंक नाही. रोज शंभर जोर मारतो. एक्स-रेत माझ्या गळपट्टीचं हाड वाकडं जुळलेलं दिसत होतं, त्यावर मी म्हणालो होतो की तरुणपणी एका पंजाबी पैलवानानं डाव टाकून ते मोडलं, आणि मी त्याच मोडक्या हाडानं त्याला अस्मान दाखवलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “काका, तुम्ही आधी नाही म्हणालात, आता हो म्हणताय. मला कागद लागेल. औषध पूर्ण केलं होतं का आणि कधी संपलं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.”

कागद मी कधीच जाळला होता. म्हणजे, मला तसं वाटत होतं.

कमल म्हणाली, “उद्या आणते.”

घरी तिनं लोखंडी ट्रंक उघडली. वर गोधड्या, खाली अश्विनीच्या लग्नातला शालू, आणि तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली बार्शीचं उपचाराचं कार्ड. प्रत्येक दिवसापुढं खूण, शेवटी ‘उपचार पूर्ण’ आणि तारीख. शिवाय शेवटचा एक्स-रे, खाकी पाकिटात.

“मी जाळायला दिलं होतं की तुला,” मी म्हणालो.

“दिलं हुतं. जाळलं न्हाय. तुमचं खरं एवढंच हाय आपल्या घरात. ते कशाला जाळू?”

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कार्ड वाचलं. “यावर बाळू लिहिलंय. तुमचं नाव विश्वनाथ.” मग त्यांनी जुना आणि नवा असे दोन्ही एक्स-रे दिव्यावर लावले. दोन्हींत तेच गळपट्टीचं हाड, त्याच जागी तसंच वाकडं. आणि फुप्फुसाच्या वरच्या कोपऱ्यात तोच डाग. तीन वर्षांत काडीनंही न वाढलेला.

“माणूस एकच आहे,” मॅडम म्हणाल्या.

मग हाडावर बोट ठेवून त्यांनी जे सांगितलं ते मी शब्दाला शब्द लिहून ठेवलंय. “हे बघा, हाड मोडलं होतं एवढं इथं दिसतं. कधी मोडलं, कुणी मोडलं, ते फोटो सांगत नाही; ते तुम्ही सांगाल तेच. यंत्राचंही तसंच आहे. त्या जंतूची खूण तुमच्या छातीत आहे, हे ते बरोबर सांगतं. पण जंतू जिवंत आहे की औषधानं मेलेल्या जंतूचा उरलेला तुकडा आहे, हे त्याला ओळखता येत नाही. मेलेल्याच्या खुणा कधीकधी दोन-तीन वर्षंही राहतात. ज्याला आधी झाला नाही, त्याच्यात ही ओळ सापडली की आम्ही ती खरी धरतो आणि औषध लगेच चालू करतो. ज्याचं औषध होऊन गेलंय, त्याच्यात थांबून खात्री करतो. म्हणून तर तो प्रश्न विचारतो.”

मी म्हणालो, “मग खात्री कशी करायची?”

“कल्चर. तुमचा नमुना जंतूला आवडेल अशा खाद्यात ठेवायचा आणि वाट बघायची. जिवंत असेल तर वाढेल. मेलेला वाढत नाही.”

“किती दिवस?”

“सहा आठवडे.”

टीबीचं औषध त्यांनी थांबवून ठेवलं, छातीच्या साध्या संसर्गाचं पाच दिवसांचं दिलं. ताप वाढला, वजन उतरलं, रक्त पडलं तर त्याच दिवशी यायचं. कमलचाही एक्स-रे काढला. तो स्वच्छ निघाला.

बाहेर पडताना मल्लिनाथ दारात होता. मी म्हणालो, “बाबा रे, गावाला...”

तो म्हणाला, “काका, हितला कागद मी गावाला न्हेत न्हाय. वळसंगची कितीक माणसं हितनं गेली, एकाचं तरी नाव कदी तुमच्या कानावर आलंय का?”

आलं नव्हतं. तीन वर्षं मी जी भीती बाळगली, ती एका साध्या माणसानं दारात उभं राहून अर्ध्या मिनिटात मोडून टाकली.

पण अश्विनीला न आणण्याचं कारण व्याह्यांना सांगायला हवं होतं, आणि ते मल्लिनाथ सांगणार नव्हता. मी फोन केला. म्हणालो, “अप्पा, मला तीन वर्षांपूर्वी टीबी झाला होता. तुमच्यापासून लपवला. आता परत आहे की नाही ते सहा आठवड्यांनी कळेल. म्हणून पोरीला आणता येत नाही.”

सिद्रामअप्पा पोटभर हसले. “पाव्हणं, पाळणा मोडला आसंल तर सरळ सांगा की. टीबी कशाला काढताय. मी दुसरा पाळणा देतो.”

दुसऱ्यांदा सांगितलं. ते जास्त हसले. तिसऱ्यांदा कमलनं फोन घेतला आणि म्हणाली, “अप्पा, खरं हाय.” पलीकडचं हसणं थांबलं.

ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आले. सिद्रामअप्पा म्हणजे पन्नास-साठ शेळ्यामेंढ्या आणि सात एकर कोरडवाहूचे धनी. आम्ही ओट्यावर बसलो, मी मास्क लावून लांब. त्यांनी कार्ड मागून घेतलं. वाचता कमी येतं, तरी सगळ्या खुणांवरून बोट फिरवलं. लग्नाची तारीख त्यांना पाठ होती. ती कार्डाच्या बरोबर मध्यात येत होती.

 मग म्हणाले, “तवा सांगितलं आसतं तर मी सोयरीक मोडली आसती.”

“माहीत होतं,” मी म्हणालो.

“म्हून मी रागाला यावं, का मोडली न्हाय म्हून बरं मानावं, मला कळंना झालंय.” त्यांनी कार्ड माझ्याकडं दिलं. “पोरगी चांगली हाय. माज्या बायकूला तिच्याबिगर चहा ग्वाड लागत न्हाय. आता ह्ये काय हाय ते मला नीट समजून सांगा. थापा न मारता.”

मी जीन सांगितला, यंत्र सांगितलं, मेलेला जंतू, जिवंत जंतू, सगळं. मैदानात मी दोन हजार माणसं बसवून ठेवतो, पण इतक्या जपून मी आयुष्यात बोललो नव्हतो. अप्पा ऐकत होते. मग म्हणाले, “म्हंजी लेंड्या.”

“काय?”

“माळावर लेंड्या दिसल्या म्हंजी शेरडं तितं आली हुती, यवडं नक्की. पर आज तितं हायती का न्हाय, ते लेंडीवरनं कसं कळंल? वली हाय का वाळल्याली, ते फोडून बघावं लागतंय. तुमचं ते यंत्र नुसती लेंडी बघतंय. फोडून बघत न्हाय.”

हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. “आणि कल्चर?” त्यांनी विचारलं.

“कल्चर म्हणजे हिरवा पाला टाकून माळावर बसायचं,” मी म्हणालो. “शेरडं असतील तर येतील.”

अप्पांनी जाताना उंबऱ्याबाहेर चपला घातल्या आणि पाठमोरं राहूनच सांगितलं, “बाळंतपण आमच्यात हुईल. इहीणबाईंना धाडा. तुमी हितंच ऱ्हावा, पाला टाकून.”

ते सहा आठवडे कसे गेले, ते नीट सांगतो, कारण या आजारात वाट बघणं हाच मोठा भाग आहे. पाच दिवसांच्या औषधानं खोकला निम्मा झाला. पंधरा दिवसांनी ताप गेला. दर सोमवारी वजन करायला जायचो. काटा हलला नाही. प्रत्येक वेळी विचारायचो, “वाढलं का काही?” मल्लिनाथ सांगायचा, “अजून न्हाय. पर अजून म्हंजी न्हाय न्हवं.” या वाक्यानं मी रोज झोपायचो आणि रोज जागा व्हायचो. कमल वळसंगला होती. मी भाकरी शिकलो. पहिल्या भाकरीवरून बैलगाडी गेली असती तर चाक मोडलं असतं. हे मात्र निम्मं सोडून द्या.

पाचव्या आठवड्यात अश्विनीला मुलगी झाली. कमलनं मोबाइलवर दाखवली. फोन हलत होता. मला एक कान, टोपडं आणि अप्पांचा अंगठा दिसला. अश्विनी म्हणाली, “बाबा, लांबनंच बघा, पण बघा.” इकडं माझ्या शेजारी धुतलेला पाळणा रिकामा होता. त्या दिवशी मी कुणाला काहीच वाढवून सांगितलं नाही. 

सहाव्या आठवड्याच्या शेवटी कागद आला. ‘नो ग्रोथ.’ म्हणजे काही वाढलं नाही. पाल्याकडं एकही शेरडू फिरकलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, “जुन्याच खुणा होत्या. खोकला धुळीचा आणि साध्या संसर्गाचा. पण तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा, आणि पुढं कुणीही डॉक्टर विचारतील तेव्हा पहिलं वाक्य हेच सांगायचं. नाहीतर यंत्र खरं बोलेल आणि उपचार चुकीचा होईल.” मग विचारलं, “काका, ते हाड पंजाबी पैलवानानंच मोडलं ना?”

मी म्हणालो, “कडब्याच्या गंजीवरून पडलो होतो.” त्यांनी ते केसपेपरवर लिहिलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कुस्ती तिथं एका ओळीत संपली.

बारसं आमच्याकडं झालं. पाळण्याची दोरी अप्पांनी पहिल्यांदा माझ्या हातात दिली. मॅडमचे, मल्लिनाथचे आणि न जाळणाऱ्या बाईचे उपकार मी फेडू शकत नाही. पण एक करू शकतो, ते करतो.

परवा एका गावच्या मैदानात पहिली कुस्ती लागायच्या आधी मी माइकवर म्हणालो, “मंडळी, मला टीबी झाला होता. औषध पुरं केलं, बरा झालो. परत यंत्रात खूण निघाली, ती मेलेली निघाली. ज्यानं कुणी लपवला असेल, त्यानं निदान डॉक्टरपासून लपवू नये.” लोक हसले. त्यांना वाटलं, याची नवीन थाप.

पण कुस्त्या चालू असताना मंडपाच्या मागं एक जण आला. माझ्याच वयाचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, “ते खूण निघाल्याचं खरं हाय का? माज्याबी कागदावर तसंच आलंय. आदीचं मी सांगितलं न्हाय.”

मी माइक बंद केला आणि खिशातलं कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. आता त्यावर मॅडमनी ‘बाळू’शेजारी ‘विश्वनाथ’ लिहून सही केलीय. त्यानं दोन्ही नावं वाचली.

“ही दोघं कोण?”

“दोन्ही मीच,” मी म्हणालो. “बस, सांगतो.”